जमीन मागेल तेव्हाच पाणी

मुलांनो, संक्रांतीचा तिळगूळ खाऊन झाला. आता थंडी पाय काढता घेईल आणि उन्हाला धार चढू लागेल. आंबा मोहोरला, पळस फुलला, की समजायचं, वसंत दाराशी आला. आणि हाच काळ परसबाग तयार करण्याचा. भेंडी, गवार, काकडी, दोडका, कारलं यांचं बी माघ-फाल्गुनात मातीत पडलं, की चैत्र-वैशाखात ताटात घरची ताजी भाजी येते.

ही परसबाग कशी करायची ते मी आज तुम्हांला सांगणार आहे. पण त्याआधी ती कशी करू नये, ते सांगते. कारण ते मी स्वतः करून बसले आहे. आणि माझ्या एकटीच्या परसात नाही बरं का! चांगल्या 32 घरांच्या परसात!

आमचं आष्टा गाव सांगली जिल्ह्यात, वाळवा तालुक्यात. एका अंगाला कृष्णा, दुसऱ्या अंगाला वारणा. या दोघी पुढे सांगलीजवळ हरिपूरला एकमेकींना भेटतात. दोन नद्यांच्या मधली ही काळीभोर जमीन. ऊस, हळद, सोयाबीन, केळी, काय हवं ते पिकतं. कृष्णाकाठची वांगी तर तुम्ही खाल्लीच असतील. नसतील, तर पाहुणे म्हणून या आणि भरीत-भाकरी खाऊन जा. अशा गावात भेंडीचं बी टाकलं, तर ते उगवणार नाही, असं कोणाला तरी वाटेल का? मलाही वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. वर्गात 32 मुलं. झाडांविषयीचा पाठ चालू होता. म्हटलं, नुसतं पुस्तकातलं झाड काय शिकवायचं? मुलांना खरंखुरं झाड वाढवू दे. मी बाजारातून भेंडीचं आणि घेवड्याचं बी आणलं, कागदाच्या पुड्या बांधल्या आणि प्रत्येकाच्या हातात एक-एक दिली. मग फळ्यावर सूचना लिहिल्या. खड्डा करा. बी टाका. माती लोटा. रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी घाला. ‘भरपूर’ या शब्दाखाली मी ठळक रेघसुद्धा ओढली.

पहिले आठ-दहा दिवस वर्गात नुसत्या बातम्याच बातम्या. “बाई, माझी भेंडी उगवली!” “बाई, माझ्या घेवड्याला दोन पानं आली!” मी खूश. तिसऱ्या आठवड्यात बातम्या कमी झाल्या. मग बंदच झाल्या. विचारलं, तर कोणी म्हणालं, पानं पिवळी पडली. कोणी म्हणालं, कडा करपल्या. सगळ्यात आधी घेवड्यानं मान टाकली.

मी काय सांगितलं असेल? “पाणी कमी पडत असेल. आणखी घाला.”

आमच्या वर्गात एक मुलगी होती. मी प्रश्न विचारायचा अवकाश, तिचा हात वर. एके दिवशी मी तिला विचारलं, “तुझी भेंडी कशी आहे गं?” ती खाली बघत राहिली. तिच्या शेजारची म्हणाली, “बाई, तिच्या हाताला गुणच न्हाय. त्यांच्या शेतातबी काय उगवत न्हाय.” वर्ग हसला. मी दटावलं आणि धडा पुढे चालू केला. ती रडली नाही. पण त्या दिवसापासून तिचा हात वर येणं बंद झालं. उत्तर येत असलं, तरी गप्प बसायची.

आठवडाभर मी वाट पाहिली. मग एका शनिवारी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. परसात पाहते, तर तिचा धाकटा भाऊ तांब्या घेऊन मेलेल्या रोपांना पाणी घालतोय आणि ही चार पावलं लांब उभी. मी विचारलं, “तू का नाही घालत?” भाऊच बोलला, “तिचा हात लागला की मरतंय म्हनून मला घालाय लावती.”

मुलांनो, माझ्या पोटात खड्डा पडला.

तिची आजी बाहेर आली. मला बसायला पोतं टाकलं, पाण्याचा तांब्या दिला. मग वाफ्यापाशी बसून तिनं बोटानं वरची माती खरवडली. मातीवर पिठासारखा पांढरा थर होता. मी तो पाहिला होता, पण रांगोळी-बिंगोळी सांडली असेल, असं समजले होते!

आजी म्हणाली, “बाई, हे मीठ फुटलंय. रोज दोन-दोन टायमाला पानी. ते बी बोअरचं खारं. वर मोरीचं साबनाचं पानी हिकडंच सोडलंय. काळी जमीन ही. तिनं मागिटल्याबिगर पाजलं की ती फुगती.”

“आजी, तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?” मी विचारलं.

“पोरगी म्हनली, आमच्या बाईंनी फळ्यावर लिवलंय. मग मी कशाला बोलू?”

मग तिनं शेताची गोष्ट सांगितली. खालच्या अंगाचं त्यांचं वावर. नदीचं पाणी आलं, तेव्हा उसाला पाटानं भरपूर पाणी पाजलं. आधी ऊस जोमात आला. पुढं सऱ्यांतून पांढरं दिसू लागलं. ऊस खुरटला. शेवटी शेवटी उगवणंच बंद झालं. “घरात दुसरं बोलनं न्हाई,” आजी म्हणाली. “पोरीनं ते ऐकलं आनी आपल्याच हातावर घेतलं.”

घरी जाताना मला सारखा फळ्यावरचा तो शब्द दिसत होता. भरपूर. आणि त्याखालची रेघ.

सोमवारी वर्गात गेले आणि आधी फळ्यावर लिहिलं : ‘चूक बाईंची.’ मुलं बघतच राहिली. मी म्हटलं, “तुमची रोपं मेली ती कोणाच्या हातामुळे नाही. मी पाणी जास्त सांगितलं आणि मरायला लागल्यावर आणखी सांगितलं. मी माती पाहिलीच नव्हती. आता आपण सगळे मिळून पाहू या.” ती मुलगी माझ्याकडे नाही, फळ्याकडे बघत होती. बराच वेळ.

मग आम्ही चार सोपे प्रयोग केले. तुम्हीही घरी करून बघा.

पहिला प्रयोग समईचा. समईत तेल खाली असतं आणि ज्योत वर. मग तेल वर कसं जातं? वात ते ओढून घेते. काळ्या मातीचे कण फार बारीक. त्यांच्यामधल्या केसासारख्या बारीक वाटांतून खालचं पाणी असंच वर चढतं. उन्हानं पाण्याची वाफ होते, पण पाण्यात विरघळलेले क्षार उडून जात नाहीत. ते वरच राहतात. तोच तो पांढरा थर.

दुसरा प्रयोग काकडीचा. काकडीच्या फोडींना मीठ लावून अर्धा तास ठेवा. ताटलीत पाणी सुटेल. आई कोशिंबीर करते, तेव्हा हे रोजच होतं. मीठ काकडीतलं पाणी बाहेर ओढतं. आता विचार करा, मातीत मीठ वाढलं, तर मुळांना पाणी पिणं किती जड जाईल! भोवती पाणी असून रोप तहानलेलं राहतं. त्याची पानं करपलेली पाहून आपण म्हणतो, पाणी कमी पडलं. मी तेच म्हणाले होते. सगळ्या भाज्या सारख्या नसतात हं. घेवडा क्षारांपुढे लगेच हात टेकतो. पालक आणि बीट बराच तग धरतात. आणि गंमत सांगू? आपला देशी पालक आणि बीट एकाच जातकुळीतले, सख्खे भाऊच म्हणा ना!

तिसरा प्रयोग हळदीचा. सांगलीच्या हळदीची बाजारपेठ सगळ्या देशात नावाजलेली, तेव्हा हळदीला आमच्याकडे काय तोटा! टीपकागदावर हळदीचं दाट पाणी लावून तो वाळवा. त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका. पिवळ्याचं लालसर होईल. हळद सांगते, हे पाणी अल्कधर्मी आहे. कपडे धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. त्यातलं सोडियम काळ्या मातीत साठत गेलं, की माती चोपण होते. म्हणजे ओली असली की चिकट आणि वाळली की दगड. पूर्वी मोरीच्या पाण्यावर केळ आणि अळू पोसायची पद्धत होती. तेव्हा भांडी राखेनं घासत आणि साबण बेतानं वापरत. आता पावडरीचं पाणी रोज एकाच जागी सोडणं बरं नाही.

चौथा प्रयोग बाटलीचा. पारदर्शक बाटलीत अर्ध्याच्या आत माती घाला, वर पाणी भरा, झाकण लावून खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात खाली बसते. पोयट्याला काही तास लागतात. चिकणमाती मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की तुमची माती कोणत्या जातीची, ते कळलं. वाळू जास्त असेल, तर पाणी थोडं थोडं पण लवकर द्यावं लागेल. चिकणमाती जास्त असेल, तर हात आखडता घ्यायचा.

हे दुखणं काही आमच्या आष्ट्याचंच नाही. कृष्णा-वारणेच्या काठी अशी कितीतरी क्षारपड जमीन आहे. फार दूरची, फार जुनी गोष्टही अशीच आहे. आजच्या इराकमध्ये युफ्रेटिस आणि टायग्रिस या दोन नद्यांच्या मधे हजारो वर्षांपूर्वी सुमेर लोकांनी कालवे काढून शेती केली. तिथेही जमिनीत क्षार साठत गेले आणि लोक गव्हाऐवजी क्षार सोसणारा सातू जास्त पेरू लागले, असं अभ्यासकांनी दाखवलं आहे. दोन नद्यांच्या मधली सुपीक जमीन म्हणजे मोठं भाग्य. पण ते सांभाळायला शिकावं लागतं.

आता कामाला लागू या. त्या फाल्गुनात आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती अशी :

आधी जागा निवडा. दिवसातून पाच-सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही, अशी. पांढरा थर असेल, तर वरची दोन बोटं माती खरवडून बाजूला काढा. बाजूनं एक हात खोल चर मारा, म्हणजे जादा पाणी निघून जाईल.

मग वाफसा बघा. हा शब्द नीट लक्षात ठेवा. जमीन फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही, अशा अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून भुगा झाला, तर वाफसा आलाय, खणा. नुसताच चपटा झाला, तर दोन दिवस थांबा. ओली काळी माती खणली, तर ढेकळं होतात आणि ती वाळून दगडासारखी बसतात. लाडू वळलाच नाही, तर माती फार कोरडी. थोडं पाणी मारून एक-दोन दिवस जाऊ द्या.

एक हातभर खोल खणून माती आठवडाभर उन्हात तापू द्या. त्यातले किडे, अंडी, हराळीच्या काशा निघून जातात. किडे टिपायला साळुंक्या आपणहून येतात, त्यांना हुसकू नका.

आता गादीवाफा करा. रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधपर्यंत हात पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. लांबी सहा फूट पुरे. उंची एक वीतभर. उंच वाफ्यातलं जादा पाणी खाली निघून जातं आणि क्षारही बरोबर नेतं. त्या तीन बाय सहाच्या वाफ्यात एक-दोन घमेली शेणखत मिसळा. मात्र खत चांगलं कुजलेलं हवं. हातात घेतलं, तर काळं, भुसभुशीत आणि वास मातीचा. कच्च्या शेणाबरोबर हुमणीच्या अळ्या येतात आणि मुळं खातात. उसाच्या शेतकऱ्याला विचारा, हुमणी म्हटलं की तो कपाळाला हात लावेल.

बी आणलं की आधी त्याची परीक्षा घ्या. तुमची परीक्षा आम्ही घेतो, तशी! दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांनी मोजा. आठ-नऊ उगवल्या, तर बी पास. चार-पाचच उगवल्या, तर जरा दाट पेरा किंवा दुसरं बी आणा.

बियांच्या पाकिटावरची नावंही वाचा. ‘फुले’ लिहिलं असेल, तर ते वाण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं. ‘परभणी क्रांती’ ही भेंडी परभणीच्या कृषी विद्यापीठाची. ‘अर्का’ म्हणजे बंगळूरच्या फळ-भाजी संशोधन संस्थेचं. आणि ‘पुसा’? पुसा हे बिहारमधलं गाव. 1905 साली तिथे मोठी शेती संशोधन संस्था निघाली. 1934 च्या भूकंपात तिची इमारत पडली, म्हणून संस्था दिल्लीला हलवली. गाव मागे राहिलं, पण नाव बरोबर आलं. गवारीच्या एका पाकिटात केवढा इतिहास!

भेंडीचं आणि कारल्याचं बी रात्रभर पाण्यात भिजवा. त्यांचं कवच कठीण असतं. बी जितकं जाड, त्याच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरा, त्याहून खोल नको. दोन रोपांत भेंडीला एक वीतभर आणि दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवा. दोडका आणि कारलं वाफ्याच्या पश्चिम कडेला लावून मांडव करा, म्हणजे दुपारनंतर कोथिंबिरीला सावली मिळेल. ज्यांना धीर धरवत नाही, त्यांनी थोडा माठ टाकावा. त्याचं बी अगदी बारीक, म्हणून वाळूत मिसळून फेका. महिनाभरात भाजी खुडता येते.

वर उसाचं पाचट पसरा. आमच्याकडे ऊस तुटून गेला की पाचट कितीतरी ठिकाणी पेटवून देतात. त्याऐवजी ते वाफ्यावर पसरलं, तर ऊन थेट मातीला लागत नाही, ओल टिकते आणि वर चढणारे क्षारही कमी होतात. पाचट नसेल, तर वाळका पाला चालेल. रोपं वर येतील तिथली जागा तेवढी मोकळी ठेवा.

आणि पाणी? बोट मातीत दोन पेरं खाली घाला. ओल लागली, तर आज पाणी नाही. कोरडं लागलं, तर सकाळी द्या आणि असं द्या, की ते मुळांच्या खालपर्यंत मुरेल. नंतर जमीन पुन्हा मागेल, तेव्हाच. पहिल्या आठ दिवसांत बी उगवेपर्यंत वरची माती मात्र ओलसर ठेवायची.

त्या वेळी फळ्यावर ‘रोज दोनदा’ लिहिलं नाही. ‘बोट घालून बघा’ एवढंच लिहिलं.

गुढीपाडव्याच्या आधी आम्ही पेरणी केली. या वेळी पाणी घालायला तिनं भावाला बोलावलं नाही. रोज सकाळी शाळेत आली की तिच्या बोटाला माती लागलेली असायची. मी नखं स्वच्छ आहेत का, ते तपासते ना, पण त्या महिन्यात मी त्या बोटाकडे काणाडोळा केला! वर्गातल्या मुलांना कळत नसलं की ती सांगू लागली, “अजून ओल हाय, आज नको.” एक दिवस मी गणित घातलं आणि मागच्या बाकांवरून हात वर आले. त्यांत तिचाही होता.

सगळ्यांची रोपं जगली, असं मी म्हणणार नाही. सात-आठ घरांतली या वेळीही गेली. दोघांची शेळीनं खाल्ली, एकाच्या वाफ्यात पाहुण्यांची मोटारसायकल शिरली. पण या वेळी कोणी हाताला दोष दिला नाही. प्रत्येक जण कारण शोधून आला.

मे महिन्याची सुट्टी लागली होती. एके दिवशी सकाळी दारात ती उभी. हातात वर्तमानपत्राचा पुडा. आत सात भेंड्या, कोवळ्या, लुसलुशीत, लव असलेल्या. “आजीनं दिल्यात,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “म्हंजे, मी दिल्यात.” मी त्या सात भेंड्यांची भाजी केली. दोन घासांची झाली. तशी भेंडी मी परत खाल्ली नाही.

त्यांच्या वावराचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. आष्ट्याहून सांगलीला जाताना वाटेत कसबे डिग्रज लागतं. तिथे कृषी संशोधन केंद्र आहे. क्षारपड जमिनीवर तिथे काम झालं आहे. तिचे वडील तिथे चौकशी करून आले. जमिनीखाली भोकं असलेले पाईप घालून खारं पाणी बाहेर काढतात. मात्र ते पाणी ओढ्यापर्यंत न्यायचं, तर शेजाऱ्यांच्या शेतांतून वाट लागते. म्हणजे सगळ्यांनी एकत्र यायला हवं. त्यांनी आधी उघडे चर मारले आणि धैंचा पेरून फुलांवर यायच्या सुमारास जमिनीत गाडला. वावर अजून पुरतं सुधारलेलं नाही. जी जमीन खराब व्हायला वर्षं लागली, तिला बरं व्हायलाही वर्षं लागतात. पण बांधाकडचा एक तुकडा आता हिरवा दिसतो.

आई-बाबांना एक सांगायचं आहे. मुलांना परसात एक वाफा त्यांचा स्वतःचा म्हणून द्या. चुकू दे, एखादा हंगाम वाया जाऊ दे. फक्त ‘तुझ्या हाताला गुण नाही’ हे वाक्य घरात येऊ देऊ नका. आणि घरात आजी-आजोबा असतील, तर मातीविषयी त्यांना आधी विचारा. मी विचारलं असतं, तर 32 घरांतलं बी वाचलं असतं.

मुलांनो, परस नसेल, तर फुटकी बादली, तेलाचा डबा, सिमेंटची गोणी, काहीही चालेल. खाली भोकं मात्र पाडा, नाहीतर तुमच्या डब्यातही आमच्यासारखंच पांढरं फुटेल!

चला तर मग. रविवारी सकाळी मातीचा लाडू वळायचा. फुटतोय की चपटा होतोय, ते बघायचं. आणि पाण्याचा तांब्या उचलण्याआधी, काय करायचं? बरोबर! बोट मातीत.